ताराबाई मोडक : मुलांना निवड करू देणारी शाळा अंगणात नेणाऱ्या बाई

मोबाइल उघडला की पालकत्वाची एखादी रील हमखास समोर येते. मुलाला कपडे स्वतः निवडू द्या, पानात किती वाढायचं ते त्याला विचारा, लहान-लहान निर्णय त्याच्यावर सोपवा, असं त्यात सांगितलेलं असतं. पाठीमागे लाकडी खेळण्यांनी भरलेली सुंदर खोली दिसते. खाली कमेंटमध्ये लगेच दोन तट पडतात. एका तटाला हे पटतं. दुसरा तट म्हणतो की हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले आहेत, आमच्या लहानपणी आईनं डोळे वटारले की निर्णय झालेला असायचा.

हा वाद नवा वाटतो, पण महाराष्ट्रात एका बाईंनी तो शंभर वर्षांपूर्वीच अंगावर घेतला होता. तीन-चार वर्षांच्या मुलाला स्वतःचं काम स्वतः निवडता येतं का, याचं उत्तर त्यांनी आधी शहरातल्या मुलांसोबत शोधलं. मग पन्नाशी उलटल्यावर त्या ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर गेल्या आणि तोच प्रश्न तिथे नव्यानं विचारला. त्यांचं नाव ताराबाई मोडक.

आज गावोगावी, वस्तीवस्तीत जी अंगणवाडी दिसते, तिची मुळं शोधत गेलं तर आपण ताराबाईंच्या कामापाशी पोहोचतो. वांगणीसारख्या गावात, जिथे एका बाजूला नवे टॉवर उभे राहताहेत आणि दुसऱ्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी आदिवासी वाड्या आहेत, तिथे तर त्यांची गोष्ट आवर्जून माहीत असायला हवी. का, ते पुढे कळेलच.

ताराबाई कोण होत्या?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचं आडनाव केळकर. घरावर प्रार्थना समाजाचा प्रभाव होता. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेला हा समाज जातिभेद, बालविवाह आणि विधवांवरच्या बंधनांविरुद्ध बोलत होता. मुलींच्या शिक्षणाला बहुसंख्य घरांमध्ये विरोध होता त्या काळात ताराबाई शिकल्या आणि १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या.

त्यांचं लग्न अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी झालं. हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये दोघं कायदेशीररीत्या वेगळे झाले. त्या काळात एका मराठी बाईनं घटस्फोट घेणं म्हणजे काय असेल, याचा आज अंदाज करणंही कठीण आहे. पदरी लहान मुलगी होती. ताराबाईंनी नोकरी धरली ती थेट राजकोटला, मुलींच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य म्हणून. पगार होता, पद होतं, मान होता.

रत्नाकर मतकरी यांचं 'घर तिघांचं हवं' हे नाटक ताराबाईंच्याच आयुष्यावर बेतलेलं आहे. शिक्षणाशी फारसा संबंध नसलेल्या अनेक मराठी प्रेक्षकांना ताराबाई भेटल्या त्या या नाटकातून.

चांगली नोकरी सोडून त्या भावनगरला का गेल्या?

याचं उत्तर एका गुजराती वकिलाच्या आयुष्यात आहे. गिजुभाई बधेका यांचा जन्म १८८५ चा. ते वकिली करत होते. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि या मुलाला कसं वाढवायचं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला. शोधता शोधता त्यांच्या हाती मारिया माँटेसरी यांची पुस्तकं लागली. पुढे वकिली मागे पडली. ते भावनगरच्या 'दक्षिणामूर्ती' या संस्थेत गेले आणि १९२० मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केलं. गुजरातेत लोक त्यांना प्रेमानं मिशीवाली आई म्हणू लागले.

इथे माँटेसरींबद्दलही थोडं सांगायला हवं. इटलीतल्या या डॉक्टर बाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत मुलांसाठी एक घर उघडलं. आईबाप कामावर गेलेले आणि मुलं दिवसभर मोकाट, अशी ती वस्ती होती. आज माँटेसरी हा शब्द महागड्या शाळांच्या पाट्यांवर दिसतो. सुरुवात मात्र कामगारांच्या मुलांपासून झाली होती.

गिजुभाईंच्या बालमंदिरात छडी नव्हती, बक्षीस नव्हतं आणि परीक्षाही नव्हती. ताराबाईंनी हे काम पाहिलं आणि १९२३ मध्ये त्या राजकोटची नोकरी सोडून भावनगरला आल्या. तेव्हा त्या ३१ वर्षांच्या होत्या. प्राचार्यपद सोडून तीन-चार वर्षांच्या मुलांमध्ये जाऊन बसणं म्हणजे तेव्हाच्या लोकांच्या नजरेत पायरी उतरणंच होतं. लहान मुलांना सांभाळणं हे काही शिक्षण मानलं जात नव्हतं.

१९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. गिजुभाई आणि ताराबाई यांनी मिळून पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी पुस्तिका लिहिल्या, 'शिक्षणपत्रिका' हे मासिक चालवलं. पुढे ताराबाईंनी त्याची मराठी आवृत्तीही सांभाळली. मुलाला मारू नका, घाबरवू नका, त्याचं काम तुम्ही करू नका, हे त्या काळच्या मराठी घरांमध्ये या मासिकातून पोहोचत होतं.

पण मुलं निर्णय घ्यायला शिकत होती म्हणजे नेमकं काय करत होती?

इथे थोडं तपशिलात जाऊ, कारण रीलमध्ये नेमका हाच भाग गाळला जातो.

या पद्धतीच्या वर्गात साधनं मुलांच्या हाताला येतील एवढ्या उंचीच्या मांडणीवर ठेवलेली असतात. मूल येतं, पाहतं आणि एक साधन उचलतं. कुठलं उचलायचं ते बाई सांगत नाहीत. ते चटईवर नेऊन मूल त्याच्याशी हवा तेवढा वेळ काम करतं. पाच मिनिटं करो की पाऊण तास. झालं की जागच्या जागी परत ठेवतं.

हे ऐकायला मोकळंढाकळं वाटतं, पण त्यात तीन पक्के नियम आहेत.

पहिला नियम निवडीच्या मर्यादेचा. मांडणीवर ठेवलेल्या वस्तूंमधूनच निवडायचं. त्या वस्तू कोणत्या असाव्यात हे मोठ्या माणसानं आधी विचार करून ठरवलेलं असतं. म्हणजे कुंपण बाईंनी घातलेलं, पण कुंपणाच्या आत मूल मोकळं.

दुसरा नियम इतरांचा. दुसऱ्यानं घेतलेलं साधन हिसकायचं नाही, त्याच्या कामात लुडबुड करायची नाही. हवी ती वस्तू दुसऱ्याकडे असेल तर थांबायचं किंवा वेगळं काही निवडायचं. चार वर्षांच्या मुलासाठी हा साधा प्रकार नाही. मनातली इच्छा थोडी बाजूला ठेवून दुसरा विचार करणं, हाच तर निर्णयाचा गाभा आहे.

तिसरा नियम चुकीचा. लाकडी ठोकळ्याला लहान-मोठ्या खाचा असतात आणि त्यात बसणारे दट्टे असतात. एक दट्टा चुकीच्या खाचेत गेला की शेवटी एक दट्टा उरतोच. बाईंना काही बोलावं लागत नाही. चूक मुलाला स्वतःच दिसते, ओरडा न खाता दिसते, आणि ती दुरुस्त करायची की नाही हेही त्याच्याच हातात असतं.

या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या की लक्षात येतं की केवळ आवडनिवड विचारणं म्हणजे निर्णय शिकवणं नव्हे. मूल निवडतं, निवडलेलं निभावतं आणि त्याचा परिणाम पाहतं. ही साखळी पूर्ण झाली तरच शिकणं होतं. आपण घरी बहुतेक वेळा पहिली कडी देतो आणि उरलेल्या दोन काढून घेतो. कोणतं चित्र रंगवायचं ते विचारतो, मग रंग रेषेबाहेर जायला लागला की ब्रश आपल्या हातात.

दादरहून बोर्डीला

१९३६ मध्ये ताराबाई मुंबईत परतल्या. दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केलं. तिथे बालवाडीच्या जोडीला शिक्षिका तयार करण्याचं कामही चालायचं. मध्यमवर्गीय मराठी घरांतली मुलं इथे येत. १९३९ मध्ये गिजुभाई गेले. त्याच वर्षी मारिया माँटेसरी भारतात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम काही वर्षं लांबला. शहरांमध्ये त्यांच्या पद्धतीचा बोलबाला वाढत होता.

सगळं छान चाललं होतं. नेमकी हीच ताराबाईंची अडचण झाली असावी, असं त्यांचं पुढचं पाऊल पाहिल्यावर वाटतं. ही साधनं महाग होती. या शाळा शहरात होत्या. मुलं खाऊन-पिऊन सुखी घरांतली होती. १९३१ मध्ये गांधीजी लंडनमध्ये माँटेसरींना भेटले, तेव्हा त्यांनीही हे शिक्षण भारतातल्या खेड्यातल्या गरीब मुलांपर्यंत जावं अशी इच्छा बोलून दाखवली होती. ते घडत मात्र नव्हतं.

१९४५ च्या अखेरीस ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बोर्डी म्हणजे घोलवडजवळचं समुद्रकाठचं गाव. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. ताराबाईंचं वय ५३ होतं.

या कामात त्यांना एक सोबतीण मिळाली. अनुताई वाघ. जन्म १७ मार्च १९१०, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहाच महिन्यांत वैधव्य आलं. पुढे त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. कस्तुरबा ट्रस्टच्या एका शिबिरात ताराबाईंशी ओळख झाली आणि त्या बोर्डीला आल्या. एकीनं संसारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला होता, दुसरीसाठी सगळे निर्णय तिच्या लहानपणीच इतरांनी घेऊन टाकले होते. मुलांना स्वतःचं ठरवू द्यायचं, हा या दोघींसाठी नुसता पुस्तकातला विषय नसणार.

मुलं शाळेत आलीच नाहीत, मग?

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. गावातल्या बऱ्या घरांतली मुलं आली. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप होता ती दलित आणि आदिवासी वस्त्यांमधली मुलं मात्र आली नाहीत.

अशा वेळी आपल्याकडे एक ठरलेलं वाक्य तयार असतं, की या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही. ताराबाई आणि अनुताईंनी ते वाक्य वापरलं नाही. मुलं शाळेत येत नसतील तर शाळा मुलांकडे जाईल, असं त्यांनी ठरवलं. शिक्षिका थेट वस्तीत जाऊ लागल्या. कुणाच्या तरी घरासमोरचं अंगण हीच जागा. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. ही अंगणातली बालवाडी. अंगणवाडी हा शब्द आणि त्यामागची कल्पना इथून आली.

दुसरी अडचण साधनांची होती. इटालियन पद्धतीची लाकडी साधनं पाड्यावर कोण आणणार? मग बिया आल्या, चिंचोके आले, समुद्रावरचे शंख-शिंपले आले, खडे, पानं, बांबूच्या कांड्या आल्या. लहान-मोठं ओळखायचं, रंग लावायचे, मोजायचं, हे सगळं यावर होऊ शकतं. खर्च जवळपास शून्य. शिवाय या वस्तू मुलांच्या ओळखीच्या. अमुक पान कुठल्या झाडाचं हे शिक्षिकेपेक्षा मुलालाच जास्त ठाऊक. काय निवडायचं हे ठरवताना त्या मुलाला बुजायला होत नव्हतं, याचं एक कारण हेही होतं.

कोसबाडच्या टेकडीवर काय घडलं?

१९५७ मध्ये हे काम डहाणूजवळच्या कोसबाडला हललं. ताराबाई तेव्हा ६५ वर्षांच्या होत्या. भोवतीचा समाज प्रामुख्यानं वारली.

हा मुलूख कसा होता, ते समजून घ्यायला हवं. जमीनदार आणि सावकारांच्या दाराशी वेठबिगारी होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी माणूस बायकोसह सावकाराकडे राबत राहायचा, त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी याविरुद्ध उठाव केला होता. ज्यांच्या आईबापांना कुठे राबायचं हेसुद्धा ठरवायची मुभा नव्हती, त्यांच्या मुलांना ताराबाई स्वतःचं काम निवडायला सांगत होत्या.

इथे त्यांना एक वेगळीच गोष्ट दिसली. शहरातल्या मुलांना निवड हवी असते, कारण त्यांच्यावर कसलीच जबाबदारी नसते. पाड्यावरच्या मुलांवर जबाबदारी भरपूर होती. आठ-नऊ वर्षांची मुलगी कडेवर धाकटा भाऊ घेऊन दिवस काढायची, कारण आई मजुरीला गेलेली. मुलगा गुरं घेऊन रानात. कुठल्या कुरणात गवत आहे, पाणी कुठे मिळेल, वासरू चुकलं तर काय करायचं, हे सगळं तो एकट्यानं ठरवायचा. मग या मुलांना निर्णय घ्यायला शिकवायचं काय राहिलं होतं?

फरक असा होता की ही कामं त्यांनी निवडलेली नव्हती, त्यांच्यावर पडलेली होती. भावाला सांभाळायचं की शाळेत जायचं, हा प्रश्न त्या मुलीला कुणी विचारलाच नव्हता.

कोसबाडच्या प्रयोगांचं मोल इथे आहे. त्यांनी त्या मुलीला धाकट्या भावाला घरी ठेवून ये, असं सांगितलं नाही. ते तिला शक्यच नव्हतं. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. त्याला नाव दिलं विकासवाडी. तान्हं बाळ पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि ताई शाळेत. तिला मध्येच उठून बाळाला बघून येता यायचं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात गेले, गुरं चरत असताना तिथेच शाळा भरली. ही कुरणशाळा. ज्यांना दिवसा जमत नव्हतं त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग.

म्हणजे मुलाला निर्णय घ्यायला शिकवायचं तर आधी त्याच्यासमोर खरोखरचे पर्याय असायला हवेत. पर्यायच नसेल तर तुला काय हवं, हा प्रश्न निव्वळ थट्टा ठरतो. माझ्या मते ताराबाईंच्या सगळ्या कामातला सर्वात महत्त्वाचा धडा हाच आहे आणि तो कुठल्याही रीलमध्ये सापडत नाही.

सगळं यशस्वी झालं का?

नाही, आणि ते सांगायलाच हवं. एका टेकडीवरचं केंद्र एका जिल्ह्याची गरिबी संपवू शकत नाही. मजुरीसाठी कुटुंबं स्थलांतर करत, तेव्हा मुलंही सोबत जात. डहाणू-तलासरी पट्ट्यातलं स्थलांतर आजही थांबलेलं नाही. बालवाडीत स्वतः काम निवडणारं मूल पुढे अशा शाळेत जायचं, जिथे सगळे एकदम एकच धडा मोठ्यानं वाचत. तिथे त्याच्या निवडीला किंमत नव्हती.

तरी काम देशाच्या नजरेत आलं. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ऑगस्ट १९७३ मध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी त्या गेल्या. अनुताईंनी पुढे जवळपास दोन दशकं कोसबाड सांभाळलं. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९९२ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक या सगळ्या प्रवासासाठी वाचण्यासारखं आहे.

ताराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. सुरुवात देशातल्या ३३ प्रकल्पांपासून झाली. या योजनेच्या गावपातळीवरच्या केंद्राला देशभर जे नाव मिळालं, ते अंगणवाडी. पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शिक्षण, असं सगळं तिच्यावर सोपवलं गेलं. यातलं पोषण लोकांच्या लक्षात राहिलं, शिक्षण मागे पडलं. आजही अनेकांच्या मनात अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि वजनकाटा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानला गेला आणि खेळातून शिक्षणावर भर दिला गेला. कागदावर का होईना, बोर्डीच्या अंगणातली गोष्ट पुन्हा मध्यभागी आली.

मुलांना सगळंच ठरवू द्यायचं का?

अजिबात नाही. ताराबाईंच्या पद्धतीतही कुंपण होतंच. मेंदूचा जो भाग पुढचा विचार करतो, मोह आवरतो आणि परिणाम तोलतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. म्हणजे हा लेख लिहिणाऱ्यांच्या वयातही ते काम पूर्ण झालेलं असेलच असं नाही. चार वर्षांच्या मुलाकडून पूर्ण शहाणपणाची अपेक्षा करणं चूकच.

प्रत्येक मुलाला एकसारखी निवड हवी असते असंही नाही. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. गोऱ्या अमेरिकन कुटुंबांतली मुलं स्वतः निवडलेल्या कामात जास्त रमली. आशियाई वंशाच्या कुटुंबांतली मुलं मात्र आईनं हे काम निवडलंय असं सांगितल्यावर अधिक रमली. म्हणजे विश्वासाच्या माणसानं केलेली निवड मुलाला नेहमीच ओझं वाटते असं नाही. आपल्याकडे आजी-आजोबा, काका, मावशी यांच्यासोबत वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मग रोजच्या जगण्यात हे कसं बसवायचं? कोसबाडच्या अनुभवातून काही गोष्टी घेता येतात.

दोन-तीन वर्षांच्या मुलासमोर दोनच पर्याय ठेवा आणि दोन्ही तुम्हाला चालणारे असू द्या. आधी दात घासायचे की आधी आंघोळ? दोन्ही होणारच आहेत, क्रम त्याचा.

चार-पाच वर्षांचं मूल निवडीचा परिणाम भोगू शकतं. सगळा खाऊ दुपारीच संपवला तर संध्याकाळी नाही. इथे कठोर व्हायची गरज नाही आणि गुपचूप दुसरा पुडा काढायचीही नाही.

सहा-सात वर्षांच्या मुलाला घरातल्या खऱ्या कामात वाटा द्या. बाजारातून दहा रुपयांची कोथिंबीर त्याला निवडू द्या. जुडी पिवळी निघाली तर टोमणा मारू नका. पुढच्या वेळी ते स्वतःच उलटून बघेल.

ज्या गोष्टी त्याच्या हातात नाहीत त्या विचारूच नका. औषध घ्यायचं का, असं विचारलं आणि ते नाही म्हणालं, तर पुढे तुम्ही जबरदस्तीच करणार. मग त्याला एवढंच कळतं की प्रश्न खोटा होता. आपल्या वांगणी-बदलापूरच्या मुलांच्या बाबतीत तर एक गोष्ट स्पष्टच हवी. रेल्वेचे रूळ ओलांडायचे की पुलावरून जायचं, हा मुलाच्या निवडीचा विषय नाही. आणि मोठी माणसं स्वतः रूळ ओलांडत असतील तर त्या नियमाला काही अर्थही नाही.

वांगणीत बसून हे का वाचायचं?

वांगणी आणि कोसबाड २०१४ पर्यंत एकाच ठाणे जिल्ह्यात होते. एक मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर, दुसरं पश्चिम रेल्वेच्या डहाणूकडे. अंतर बरंच, पण प्रश्न सारखेच आहेत.

मुंबईत परवडणारं घर नाही म्हणून इथे आलेली कितीतरी जोडपी पहाटेची लोकल पकडतात. एकेका बाजूचा प्रवास दीड तासाहून अधिक. संध्याकाळी घरी पोहोचल्यावर मुलासोबत मिळतात ते दोन तास. अशा वेळी बुटाची लेस बांधायला मुलाला पाच मिनिटं देण्यापेक्षा आपण पाच सेकंदांत बांधून मोकळं होतो. मुलाला निवड करू द्यायला पैसे लागत नाहीत, पण वेळ लागतो आणि तोच या मार्गावरच्या आईबापांकडे नसतो. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. दिवसातली एकच गोष्ट ठरवून मुलावर सोडली आणि तेवढ्यापुरती घाई केली नाही, तरी ती सुरुवात आहे.

दुसरीकडे याच वांगणीत दृष्टिहीन कुटुंबंही मोठ्या संख्येनं राहतात. त्यांच्यातले बरेच जण लोकलमध्ये छोट्या वस्तू विकून घर चालवतात. आईवडिलांचा हात धरून रस्ता दाखवणारं मूल या परिसरात नवीन नाही. आसपासच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर धाकट्यांना सांभाळणाऱ्या ताया आजही आहेत. या मुलांना जबाबदारी शिकवायची गरज नाही, ती त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते. त्यांना हवी आहे ती चार भिंतींची अशी एक जागा, जिथे दोन-तीन तास त्यांच्यावर कुणाचा भार नसेल आणि समोरच्या वस्तूंतून काय उचलायचं ते फक्त त्यांनी ठरवायचं असेल.

ती जागा कागदावर तरी प्रत्येक वस्तीत आहे. तिथे एक सेविका असते, एक मदतनीस असते आणि त्यांच्या डोक्यावर रजिस्टरं, मोबाइल अ‍ॅप, सर्वेक्षणं यांचा ढीग असतो. आपल्या वॉर्डातल्या किंवा वाडीतल्या अंगणवाडीत एकदा जाऊन या. मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर काही साधनं ठेवलेली आहेत का, बघा. नसतील तर महागडी खेळणी विकत घेऊन देण्याआधी सेविकाताईंना विचारा, त्यांना काय हवंय. कदाचित एक कमी उंचीची मांडणी, थोडे चिंचोके, शिंपले आणि बांबूच्या कांड्या एवढ्यावरही भागेल. ताराबाईंचं भागलं होतं.